कोट्यातली जागा

जूनमधल्या त्या शुक्रवारी शारजातल्या आमच्या घराच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या, समुद्रावरून आलेल्या खारट, उष्ण आर्द्रतेत खालचा रस्ता दुधी प्रकाशात विरघळून गेला होता, आणि आत वेलदोड्याच्या वासाचे पेढे ताटात मांडताना माझे हात जड झाले होते. आमच्या मुक्ताला महाराष्ट्रातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात अनिवासी भारतीयांसाठी राखलेली जागा मिळाली होती.

दर शुक्रवारी चार मराठी कुटुंबं आमच्याकडे जमत. त्यांत डॉक्टर वाघमारे असत. इंडस्ट्रियल एरियातल्या दवाखान्यात कामगारांना तपासणारे, मितभाषी. माझे यजमान सुधाकर तावातावाने म्हणत, "राखीव जागांनी मेडिकलची क्वालिटी खलास केली." वाघमारे राखीव जागेवर शिकले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते निमूट चहा पीत, आणि मीही त्यांच्यापुढे बशी सरकवण्यापलीकडे कधी काही केलं नाही.

त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या मेरिटचं चीज झालं, सुधाकर."

"नो अंकल," मुक्ता म्हणाली, "आय गॉट सिक्स्टी-एट पर्सेंट. इट्स अ कोटा."

सुधाकरांनी हातातला पेढा ताटात परत ठेवला. "खरंय ते," ते म्हणाले. "तिच्याहून हुशार मुलं बाहेर राहिली." मग वाघमाऱ्यांकडे वळून, "डॉक्टर, इतकी वर्षं तुमच्यासमोर बोलत आलो. चुकलं माझं."

वाघमाऱ्यांनी कप खाली ठेवला. बोलले ते मुक्ताशी. "माझी जागा पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेली होती, तुझी बाबांच्या पगारातून आली. दोन्ही सारख्या नाहीत, बेटा. पण पेशंटला त्यातलं काही ठाऊक नसतं. शवविच्छेदनाला माझ्या शेजारी कुणी उभं राहत नसे, म्हणून मी सगळ्यांच्या आधी जाऊन शिकायचो. उद्या सकाळी दवाखान्यात ये."

मीही सोबत गेले. लेथवर काम करणाऱ्या एका पेशावरी कामगाराच्या बुबुळात लोखंडाचा कण रुतला होता. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून वाघमाऱ्यांनी त्याच्या कपाळावर तळवा टेकला. "भाईजान, ऊपर देखो, हिलना नहीं." मग भिंगातून पाहत, सुईच्या टोकाने, पाकळीवरचं दव न सांडता परागकण उचलावा इतक्या हळुवारपणे त्यांनी तो कण काढला. त्या हातांत किंचितही कंप नव्हता. एखाद्या गाभाऱ्यात यावी तशी विलक्षण स्तब्धता मला वेढून राहिली. थोड्या वेळाने त्या माणसाने डोळा उघडला आणि आम्हां प्रत्येकाकडे आळीपाळीने, आश्चर्याने पाहिलं.

परतताना टॅक्सी वाहनांच्या गर्दीत अडकली. मुक्ता मांडीवर पसरलेल्या स्वतःच्या बोटांकडे पाहत होती.

"आई, हाऊ लाँग डज इट टेक? असे हात व्हायला?"

जागा मिळाली, पण हात कमवावे लागतील, हे तिला कळलं होतं. तिच्या आवाजात भीती होती, आणि त्या भीतीनेच, प्रवेशाचं पत्र आल्यापासून पहिल्यांदा, मला धीर आला.