शिंगाची कडी

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. कपडा हातात आला की डाग बघायच्या आधी खिसे तपासायचे, हे तिचं काम. एवढ्या वर्षांत खिशांनी तिला जी माणसं दाखवली ती तोंडओळखीत कधी दिसली नसती. बायको माहेरी गेलेल्या एका वकिलाच्या कोटात सिनेमाची दोन तिकिटं निघाली होती. तिने ती पाकिटात घालून चेहरा न हलवता परत केली. दुकानातला इस्त्रीवाला तिला फौजदारीणबाई म्हणतो.

त्यामुळे नवऱ्याची पँट मशीनमध्ये टाकताना तिचा हात आपोआप खिशात गेला, आणि शिंगाची कडी हाताला लागली.

कडी तिला नवी नव्हती. नवरा गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्टर असला तरी त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या धनुष्य चालत आलेलं. शहरात येऊन अर्धं आयुष्य गेलं, पण बांबूचं ते धनुष्य सुटलं नाही. दोरी काढून, जुन्या चादरीत गुंडाळून ते कपाटावर ठेवलेलं असायचं. चढवलेल्या दोरीने धनुष्य थकतं, असं तो म्हणे. ‘धनुष्याला विश्रांती आहे, मला नाही,’ असं ती म्हणे. आधी तो गच्चीवर सराव करायचा. एकदा बाण शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या गादीत घुसला, सोसायटीची मीटिंग भरली, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी कामाआधी कारखान्यामागच्या चिंध्यांच्या गोदामात जाऊ लागला.

त्यांच्याकडे दोरी बोटांनी नाही, अंगठ्याने ओढतात. अंगठा सोलू नये म्हणून त्यात शिंगाची कडी घालतात. ती ज्याची त्याच्या मापाची लागते, चपलेसारखी. नवऱ्याची कडी पिवळट, जुनी, खुंटीला टांगलेली असे. खिशातली ही काळी होती, नवी होती आणि लहान होती.

तिने स्वतःच्या अंगठ्यात घालून पाहिली. तिला ती सैल झाली.

म्हणजे आपली नाही. आणि कात्री धरून धरून जाड झालेल्या त्या अंगठ्यात शिरणार नाही, म्हणजे त्याचीही नाही. मग कोणाची?

तिने कडी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि काही बोलली नाही. चोर धरायचा तर आधी आवाज करायचा नसतो.

एकदा डोळे उघडले की सगळंच दिसायला लागतं. जन्मभर बटणांचे शर्ट घालणारा माणूस हल्ली टी-शर्ट घालायला लागला होता. हाताने जेवणारा माणूस चमचा मागत होता. मोबाइल वाजला की उचलायला बाल्कनीत जात होता. आणि अंगाला बाम की काहीतरी, वासावरून नीट कळेना. त्यातच तो आठवडाभर घरभर काहीतरी शोधत होता. सोफ्याखाली, गादीखाली, बुटांत.

“काय हवंय?” तिने विचारलं.

“काही नाही. एक बटण पडलंय.”

“टी-शर्टचं?”

तो पुन्हा सोफ्याखाली वाकला.

तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पन्नाशीत पुरुषांना दोन गोष्टी सुचतात. केस काळे करणं, नाहीतर टी-शर्ट. तुझ्या नवऱ्याकडे केसच उरले नाहीत, म्हणून टी-शर्ट.”

“थट्टा नको गं. खरंच तसं असेल ना, तर मी एक दिवस राहणार नाही त्या घरात. बॅग भरून तुझ्याकडे येईन.”

“ये. पण आधी खात्री कर. माझ्या घरात एकच पलंग जास्तीचा आहे, तो उगाच अडवू नकोस.”

सुट्टीच्या दिवशी नवरा बाजारात गेला तशी ती कारखान्यावर गेली. ‘यांचा डबा राहिलाय’ असं वॉचमनला सांगून तिने गोदाम उघडून घेतलं. आत कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. एका गठ्ठ्यावर खडूने गोल काढला होता. समोर जमिनीवर खडूची एक रेघ.

रेघ गठ्ठ्याच्या अगदी जवळ होती, धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावर. तिला ती ओळखीची होती. नवखं माणूस वर्षभर एवढ्यावरूनच सोडतं, लक्ष्य बघत नाही, हात बसवतं. लग्न झालं तेव्हा गच्चीवर त्याने तिला अशाच रेघेवर उभं केलं होतं. मागून कोपर सरळ करून द्यायचा. तिने मनगटावर दोरीचा फटका खाल्ला आणि सोडून दिलं. नवरा स्वतः गोदामाच्या पार त्या टोकावरून गोलाच्या मध्यात मारायचा. त्याला ही रेघ कशाला हवी?

आणि गठ्ठ्यावरची भोकं! गोलाबाहेर, वर, खाली, कुठेही. शिकाऊ हाताची.

“इथे यांच्याबरोबर कोण येतं?” तिने वॉचमनला विचारलं.

“कोणी नाही वहिनी. मास्टर एकटेच असतात.”

“एकटेच?”

“दार आतून लावून घेतात. कोणाला येऊ देत नाहीत.”

एकटेच असतात आणि दार आतून लावतात! वॉचमनलाही चहापाणी पोचत असणार, हे तिने मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी तो निघाल्यावर ती मागोमाग निघाली. बॅग भरलेली दाराशीच ठेवली होती. गोदामाच्या मागच्या बाजूला एक फुटकी खिडकी होती, आदल्या दिवशीच हेरून ठेवलेली. तिथे ती उभी राहिली.

आत तो एकटाच होता. ती वाट बघत राहिली. कोणी आलं नाही. त्याने दोरी चढवली. त्यालाही केवढा वेळ, गुडघ्यात धरून, दातांनी. मग त्या खडूच्या रेघेवर तो स्वतः जाऊन उभा राहिला. उलटा. जिथे डावा खांदा गठ्ठ्याकडे हवा तिथे उजवा. धनुष्य उजव्या हातात, मनगटाला फडक्याने बांधलेलं, आणि दोरी डाव्या अंगठ्याने ओढलेली. अंगठ्याला नुसती चिंधी गुंडाळली होती. बाण सुटला, गोलाबाहेर गेला. चिंधीवर लाल डाग पसरला. त्याने अंगठा तोंडात घातला, लहान मुलासारखा, आणि दुसरा बाण घेतला.

ती पुढून येऊन दार ठोठावत राहिली, तेव्हा त्याने उघडलं.

“तू? कोणी काही... घरी सगळं ठीक आहे ना?”

“उजव्या हाताला काय झालंय?”

“काय होणार?”

“अहो, मी खिडकीतून बघितलंय.”

तो गठ्ठ्यावर बसला. चिंधी उलगडू लागला. “बोटं बधीर होतात,” तो म्हणाला. “बटण सापडत नाही. घास सुटतो. आधी वाटलं, जाईल. दोरी ओढता येईना तेव्हा कळलं, जाणार नाही. म्हणून डाव्याला शिकवतोय. हात बसला तर इथेही चालेल, आणि तिकडेही.”

तिकडे म्हणजे कटिंगच्या टेबलावर. तिथे कापडाचे थरावर थर रचतात आणि विजेचं उभं पातं त्यातून फिरवतात. पातं फिरवणारा हात उघडा, कापड धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा मोजा. तिने एकदाच पाहिलं होतं. पुढे बरेच दिवस तिच्या डोळ्यांसमोर तेच पातं.

“आणि तिकडे पातं कुठल्या हाताने चालवता?”

तो चिंधी पुन्हा अंगठ्याला गुंडाळू लागला.

“मी विचारतेय.”

“कोणी बघत नसलं की डाव्या. मोजा उजव्यात घालतो. बघत असलं की...” त्याने उजवा पंजा पुढे केला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. “मालकाला कळलं तर उद्या दुसरा मास्टर आणेल. तुला सांगितलं असतं तर तू मला कामावर पाठवलं नसतंस.”

“नसतंच पाठवलं!”

“म्हणूनच.”

तिला रडू येत होतं आणि संताप येत होता. गेले कित्येक दिवस तिने मनात त्या बाईचं नाक, डोळे, साडी सगळं उभं केलं होतं. आता तिच्या जागी हे पातं फिरत होतं, आणि ती बाई परवडली असती असं तिला वाटून गेलं. तिने पर्स उघडली.

“हे शोधत होतात?”

काळी कडी बघून तो आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. “तुझ्याकडे होती? आठवडाभर? अगं, अंगठा सोलून निघाला माझा! गावाला फोन करकरून डाव्याच्या मापाची करवून घेतली होती!”

“माझ्या अंगठ्याला सैल होती. तुम्हाला घट्ट. मला काय कळणार, कोणाचं माप आहे ते?”

“कोणाचं असणार?”

“सोडा. इकडे आणा हात.”

तिने त्याच्या डाव्या अंगठ्यावरची चिंधी काढली, पदराने तो टिपला आणि कडी सरकवली. बरोबर बसली. तो उठून रेघेकडे जाऊ लागला.

“बसा. तिकडे नाही. आता दवाखान्यात.”

“कामाची पाळी सुरू होईल. संध्याकाळी जाऊ.”

“पाळीवर तुम्ही जाणार नाही. काय सांगायचं ते मी मालकाला सांगते.” तिने धनुष्याची दोरी उतरवायला घेतली. जमेना, तेव्हा दोघांनी मिळून उतरवली, एक टोक त्याने धरलं, एक तिने.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या बोटांना सुई लावून पाहिली, मान हलवली आणि विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“झाले असतील पंधरा दिवस,” तो म्हणाला.

“डॉक्टर, यांचं काही ऐकू नका,” ती म्हणाली. “टी-शर्ट घालायला लागले ना, तेव्हापासून धरा.”