टकटके भावोजी आणि पोकळ टाइल

ताईचा नवरा टाइल बसवणारा. लोक भावोजींना 'टकटके' म्हणतात. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. कुणाकडेही गेले की चहा यायच्या आत भावोजी बोटाच्या पेराने भिंत वाजवतात आणि मान हलवतात. "पोकळ." त्यांच्या मते जगात भरीव अशा दोनच गोष्टी: त्यांचं काम आणि त्यांचं डोकं. दुसरीबद्दल आमच्यात दुमत नाही.

हत्यारांची पेटी म्हणजे त्यांचा जीव. छिन्नी फडक्यात गुंडाळलेली, थापीचे दाते स्वतःच्या दातांपेक्षा निगुतीने घासलेले, टाइलच्या फटींत भरलेलं ग्राउट पुसायचा स्पंज सावलीतच वाळवलेला. घरच्या न्हाणीघरातली तडकलेली टाइल मात्र ताईने उलट्या बादलीखाली झाकून ठेवलेली.

मग आईचा गुडघा बदलला. दवाखान्यातून ती ताईकडेच यायची होती. अट एकच: "मला धरून आंघोळ कुणी घालायची नाही. माझी मी करीन." डॉक्टर म्हणाले, करू द्या, पण पाय घसरता कामा नये.

ताईने बादली उचलली. "अहो, एवढी एक टाइल."

"चुटकीसरशी," भावोजी म्हणाले.

छिन्नीने त्यांनी टाइल मधोमध फोडली, तुकडे अलगद काढले. इथवर झकास. मग सवयीने शेजारची वाजवली. ढब. तीही काढली. तिच्या शेजारची वाजवली. ढब! न्हाणीघराची जमीन बघता बघता उठली. प्रत्येक टाइलखाली सिमेंटचे गोळे: कोपऱ्यांत चार, मध्ये एक, बाकी निव्वळ हवा.

"कोण गाढव होता गं हा?" भावोजी कडाडले. "गोळे टाकून पळाला! हात तोडायला हवेत मेल्याचे!"

"हातांना काही करू नका," ताई म्हणाली, "सगळी जमीन पुन्हा त्यांनाच बसवायचीय. मॅच सुरू व्हायच्या आत उरकली होती तुम्ही. विसरलात?"

भावोजी खाली वाकून छिन्नीने गोळे खरवडायला लागले.

आई दवाखान्यातून आली, काठी टेकत न्हाणीघराच्या दारात थांबली. "जावईबापू, एकच मोडली होती ना?"

"सगळ्याच पोकळ होत्या, आई."

"बसवणारा तसाच असेल कुणीतरी."

तिने दारातच खुर्ची मांडून घेतली. भावोजींनी दातेरी थापीने सिमेंटचा मसाला या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढला, टाइलच्या पाठीलाही लावला, रबरी हातोड्याने ठोकत उतार जाळीकडे काढला. आई काठी रोखून विचारायची, "ही भरली?" "भरली." "मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात?"

मसाला सुकेपर्यंत तिने ओल्या फडक्याने अंग पुसण्यावर भागवलं आणि तेच घरात सगळ्यांना ऐकवत राहिली.

शेवटी एकदाची आत गेली. ठरलं होतं: आंघोळ होऊन पाय नीट टेकले की काठी आपटायची. भावोजी दाराला कान लावून. पाणी सांडलं, तांब्या वाजला, मग काहीच नाही. ताईने माझं मनगट आवळलं. भावोजींच्या कपाळावर घाम.

टण्ण!

"भरीव," भावोजी पुटपुटले आणि डोळे पुसले. घामच असणार तो.

"जावईबापू," आतून आई म्हणाली, "दारापासून हटा. खालच्या फटीतून पाय दिसताहेत तुमचे."