पैडम्मा बार टाकत नाही

गंगन्नवलसा गावच्या पोरी वजन उचलण्याच्या कुठल्याही स्पर्धेला गेल्या तरी ओळखू यायच्या, त्या वजन खाली ठेवण्यावरून. बाकीच्या मुली डोक्यावर नेलेला बार सोडून देत, तो धाडकन आपटे. या पोरी तो आधी खांद्यावर घेत, मग मांड्यांवर, आणि भरली घागर चुलीपाशी ठेवावी तशा अलगद जमिनीला लावत.

त्याला कारण होतं. गावच्या तालमीत बार एकच, आणि प्लेटा बिडाच्या. तालीम सन्यासी नावाच्या मास्टरगारूंची; गारू म्हणजे तेलुगूतलं आदराचं 'राव'. विजयनगरमच्या ज्यूट मिलमध्ये पाळी करून ते उरलेल्या वेळात पोरींना शिकवत. मिलमधली जुनी गोणपाटं जमिनीवर अंथरलेली असत. एकदा कुणीतरी बार वरून सोडला आणि मोठी प्लेट तडकली. मास्टरगारूंनी ती सांधून आणली, आणि तेव्हापासून नियम केला. बारला हात लावून डोळ्यांना लावायचा, मग उचलायचं. झालं की ठेवायचं. जी टाकेल तिने येत्या मंगळवारपर्यंत हात लावायचा नाही. मंगळवार पैडितल्ली देवीचा. त्या दिवशी बारला हळदकुंकू वाहून मगच परत सुरुवात.

पैडम्माचं नावही देवीवरूनच ठेवलेलं. बोअरवर पाणी भरताना ती डोक्यावर एक नि काखेत एक घागर घेऊन यायची आणि दोन्ही खाली ठेवताना थेंब सांडायची नाही. मास्टरगारूंनी ते पाहिलं आणि तिच्या आईला, रामुलम्माला म्हणाले, "ही पोर मला दे."

"न्या की. पण मग भातही तुम्हीच घाला. माझं पातेलं हिच्यापुढे रोज पालथं पडतं."

"भात तू घाल अम्मा. नाचणीची आंबील मी देतो."

बोअरवरच्या बायकांना तर विषयच मिळाला. "काय गं पैडी, लग्नात नवऱ्याला उचलणार की बैलाला?"

"जो हलका असेल त्याला," पैडम्मा म्हणायची.

पोरगी जिल्ह्यात पहिली आली, राज्यात आली, देशात आली. रेल्वेत नोकरी लागली. मग परदेशातल्या स्पर्धा सुरू झाल्या आणि तिथे गाडी अडली. दोनदा गेली, दोन्ही वेळा चौथी. पहिल्या तिघींना पदकं, आणि चौथीला बोअरवर नवं नाव.

"चौथी आली गं, जागा द्या."

रामुलम्मा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "चौथी तर चौथी. तुमच्या लेकी आपल्या गल्लीत तरी पहिल्या आल्यात का?" पण पैडम्माला ते लागायचं. रात्री आईच्या शेजारी पडली की ती म्हणे, "अम्मा, एक पदक हवं गं. एकच." आई म्हणे, "देवीला माहीत आहे. झोप."

तिसऱ्या खेपेला ताश्कंदला आशियातली स्पर्धा होती. पैडम्मा एकोणतिसाव्या वर्षात होती. देशाच्या संघाच्या शिबिरातल्या प्रशिक्षक मेमचा मॅडम मणिपूरच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी निघतानाच सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी तुझ्या वजनगटात नवी मुलगी जाणार. हे तुझं शेवटचं."

एका दमात डोक्यावर न्यायचं वजन, म्हणजे स्नॅच, बरं गेलं. मग जर्क, आधी खांद्यावर आणि तिथून वर. दुसरी खेप यशस्वी झाली, पंचांचे पांढरे दिवे लागले, आणि बार नेहमीसारखा अलगद ठेवताना तिच्या कंबरेत चमक भरली. फलकावर नाव चौथ्या जागी होतं. एक खेप उरली होती, आणि पदकासाठी तिने आजवर कधी न उचललेलं वजन लावावं लागणार होतं.

आतल्या खोलीत मेमचा मॅडम तिची कंबर चोळत म्हणाल्या, "उचलताना गेली का?"

"नाही. ठेवताना."

"तू वर जातानाच खाली यायची ताकद राखून ठेवतेस. किती वर्षं बघतेय मी. दुसऱ्या पोरी एक काम करतात, तू दोन करतेस. या खेपेला वर जा आणि सोडून दे."

"मॅडम, मला टाकता येत नाही."

"हात सोडायला शिकवणी लागते का?"

"फुटेल."

"रबराचं आहे, पैडम्मा."

"मला माहीत आहे. हातांना नाही."

मॅडम उठल्या. जाऊन वजन वाढवून आल्या.

नाव पुकारलं गेलं. समोर घड्याळ चालू झालं. पैडम्मा बारपाशी वाकली. मास्टरगारू गावात, देवळासमोरच्या टीव्हीपुढे सगळ्या पोरी घेऊन बसले असणार, हे तिला ठाऊक होतं. तिने बारला हात लावला, डोळ्यांना लावला आणि मनात म्हणाली, पैडितल्ली आई, आज मी टाकणार आहे. आधीच सांगते. माफ कर.

मग तिने काही राखून ठेवलं नाही. बार खांद्यावर आला, ती त्याच्याखालून थरथरत उभी राहिली, आणि एका झटक्यात तो वर गेला. हात सरळ, पाय एका रेषेत. बार सोडायची पंचांची खूण झाली. पैडम्माने हात सोडले.

आवाज एवढा झाला की तिचीच छाती दडपली. तिने वळून दिव्यांकडे पाहिलं ते नंतर. आधी ती गुडघ्यावर बसली आणि बारला कपाळ टेकवलं. दिवे पांढरे होते. पदक कांस्य होतं.

गावात शिरली ती थेट तालमीत. गळ्यात पदक होतं, मागे पोरींचा घोळका होता. मास्टरगारू गोणपाट झटकत होते.

"मास्टरगारू, टाकला."

"दिसलं. अख्ख्या गावाने ऐकलं."

"चुकलं का?"

"तिथे बरोबर केलंस. मीच असतो तर मीही टाकला असता." त्यांनी गोणपाट सरळ केलं, पोरींकडे पाहिलं. "पण या सगळ्या बघत होत्या. उद्या या इथे टाकतील. सांधणारा वेल्डर म्हातारा झालाय. तेव्हा मंगळवारपर्यंत हात लावायचा नाही."

पोरी हसू दाबत एकमेकींकडे बघायला लागल्या. पैडम्मा हसली नाही. "बरं, मास्टरगारू," म्हणाली आणि दाराशी जाऊन भिंतीला टेकून बसली.

मंगळवारपर्यंत ती रोज आली आणि रोज तिथेच बसली. पाणी घेऊन जाणाऱ्या बायका थांबून म्हणायच्या, "काय तिसरी, शिक्षा का?"

"शिक्षा," ती सरकून त्यांना सावलीत जागा करून देत म्हणायची.

मंगळवारी तिने अंघोळ करून बारला हळदकुंकू वाहिलं, उचलला, आणि घागरीसारखा ठेवला.