लहान मापाची पेटी

सुनेने माळा आवरायला काढला, तिथून हे सगळं सुरू झालं. माळा आवरू नये असं कुणी म्हणणार नाही, आणि सुतारकाका तर नाहीच नाही. घराच्या कारभारात त्यांना विचारतं कोण? जुन्या चौकटींच्या मागे सुनेला एक लाकडी पेटी सापडली. घडण सुरेख, कोपरे हाताला गुळगुळीत, सांधा शोधूनही सापडू नये असा. सासऱ्यांच्या हातचं इतकं छान काम वर धूळ खात पडलंय याचं तिला वाईट वाटलं. तिने ती पुसली, पिवळ्या रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर बाहेरच्या खोलीत ठेवून लेकीची खेळणी तिच्यात भरली.

काका चहासाठी दुकानातून घरात आले, तेव्हा नात खेळणी बाहेर फेकून स्वतःच पेटीत आडवी झाली होती. तिला घरात सगळे मुंगी म्हणत. आजोबांनी आता झाकण लावावं, असा तिचा हट्ट होता. काकांनी तिला उचलून जमिनीवर ठेवलं, चहा नको म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. सुनेला वाटलं, रंग आवडला नाही. चांगल्या लाकडाला रंग फासलेला जुन्या माणसांना खपत नाही, हे ती ऐकून होती.

दारं, खिडक्या, कपाटं आणि कुणी गेलं की पुरायला पेटी, असा काकांचा धंदा. आसपास दुसरा सुतार नव्हता. त्यामुळे ज्याचा लग्नातला पलंग त्यांनी केला, त्याची शेवटची पेटीही तेच करत. या दुसऱ्या कामात गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नसे, एवढी एक सोय. मोठ्यांचं माप घ्यायला ते घरी जात. लहान मुलाचं माप मात्र त्यांनी जन्मात घेतलं नाही. गोवराची नाहीतर घटसर्पाची साथ आली की बाप दुकानाच्या दारात येऊन उभा राही. तो नुसते दोन हात समोर धरून लांबी दाखवी, आणि काका वर न बघता मागून एक पेटी आणून देत. निरोप आल्यावर लाकूड कापायला बसलं तर फार उशीर होई, म्हणून लहान मापाच्या दोन पेट्या ते आधीच करून ठेवत. लस तेव्हाही मिळत होती बरं का, आणि दवाखाना चालत जाण्यासारखा होता. पण आज कामं आहेत, पुढच्या आठवड्यात बघू, शेजारच्या पोराला टोचल्यावर ताप आला होता, अशी लोकांची शंभर कारणं.

मग कायदा आला. लस नाही तर बालवाडी नाही, शाळा नाही. काय तो गोंधळ! आमच्या पोरांना सुया टोचणारं सरकार कोण, म्हणून लोकांनी डोक्यात राख घालून घेतली, आणि शाळा उघडायची वेळ आली तसे हेच लोक दवाखान्याच्या रांगेत एकमेकांना कोपरं मारू लागले. पोर दिवसभर घरात नको, यावर सगळ्या आईबापांचं एकमत असतं. समोरचा न्हावी काकांची फिरकी घ्यायचा, की या कायद्याने तुमच्या पोटावर पाय आणला हो. काका म्हणायचे, आणला खरा. हळूहळू दारात येणारे बाप थांबले. दोनातली एक पेटी उरली ती उरलीच. मोडून लाकूड वापरावं असं कितीदा त्यांच्या मनात आलं. पण मोडली आणि नेमका दुसऱ्या दिवशी कुणी येऊन उभा राहिला तर? असल्या गोष्टींवर काकांचा विश्वास नव्हता. त्यांनी पेटी माळ्यावर टाकली.

सुनेने गोवर झालेलं मूल आयुष्यात बघितलं नव्हतं. बाई वाईट नव्हे, उलट लेकीवर जीव टाकणारी. मुंगीला साधी शिंक आली तरी ही जेवण टाकून उठायची. पण फोनवर कुठेकुठे वाचून तिने ठरवलं होतं की मुंगीला लस टोचायची नाही. बालवाडीवाले घेत नसतील तर न घेवोत, मी नोकरी सोडून घरी शिकवीन, असं तिचं म्हणणं. नवरा तिलाही हो म्हणायचा आणि बालवाडीवाल्यांनाही. त्यात नदीपलीकडे दोन पोरांना गोवर आल्याची बातमी न्हाव्याने परवाच आणली होती. तेव्हापासून काकांना अन्न गोड लागत नव्हतं. मुंगीच्या जिवाची त्यांना धास्ती बसली होती, आणि आईच्या वर आपण कोण बोलणार, म्हणून ते गप्प होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनच मुंगीला कडेवर घेऊन दुकानात आली. रंग खरवडून काढू का, म्हणून विचारू लागली.

"रंग चांगला आहे," काका म्हणाले. "पण ती लहान मुलांची पेटी आहे."

"मग मुंगीलाच दिलीये ना, बाबा."

"तशी नाही. पुरायची."

सून आधी हसली. मग तिने मुंगीला घट्ट धरलं. तिने हळूच विचारलं, की कुणासाठी केली होती.

"कुणासाठीच नाही. तेव्हा दोन तयार ठेवाव्या लागायच्या."

यावर ती भडकली. मला घाबरवायचं म्हणून हे चाललंय, म्हणाली. काका म्हणाले, माळा तर तूच आवरायला काढलास. भीती दाखवली म्हणून ऐकणाऱ्यातली मी नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. तेव्हा काकांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"नको ऐकूस. तू आई आहेस. पण एक सांगून ठेवतो. आजवर या दारात आलेल्या कुणाला मी नाही म्हटलेलं नाही. हिची मात्र मी करणार नाही. तुम्हाला दुसरा सुतार बघावा लागेल."

एवढं बोलून तो माणूस लाकडाच्या भुशात बसला आणि रडायला लागला. सुनेने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मुंगीला तेवढा भुसा खेळायला हवा होता.

त्या दिवशी सून लगेच दवाखान्याकडे धावली, असं काही झालं नाही. घरात बोलणं कामापुरतं उरलं. काकांनी पेटीचं झाकण काढून नेलं. मग बालवाडीच्या बाईंचा फोन आला, की लस टोचल्याचा दाखला नसेल तर जागा दुसऱ्या मुलाला देते. सून रात्रभर तळमळली आणि सकाळी चपला घालताना म्हणाली, बाबा, चला, तिला धरायला कुणीतरी लागेल.

मुंगीने दवाखाना डोक्यावर घेतला. सूनही रडली. काकांनी तिचे पाय दाबून धरले होते, म्हणून मुंगीचा सगळा राग त्यांच्यावर. परत येताना ती त्यांच्याकडे जाईना.

"तुमच्यामुळे नाही हं टोचलं," सून रस्त्यात म्हणाली. "कायदा आहे म्हणून."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "माझ्या पेट्या बघून कधी कुणी टोचून घेतलं नव्हतं."