टिटवाळ्याची मोहरीएवढी गोगलगाय आणि माझा अर्ज

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, आम्ही नौपाड्यातून टिटवाळ्याला चिखल बघायला गेलो. माझी भाची गार्गी गोड्या पाण्यातल्या बारीक गोगलगायींवर पीएचडी करते. घराण्यात कुणीतरी डॉक्टर व्हावं ही माझी फार इच्छा, ती अशी फळाला आली. वाटेत मिसळ खाऊ म्हणाली आणि मी फसले.

जाणाऱ्यांसाठी सल्ला: सातच्या आत निघा. आम्ही आठला निघालो आणि शीळफाट्याला पाऊण तास एकाच ट्रकचा 'आई-वडिलांचा आशीर्वाद' घेत बसलो. तेवढ्यात गार्गीने माझी शिकवणी घेतली. शंखाच्या तोंडाला झाकण असलेल्या गोगलगायी एका गटात, त्या कल्ल्यांनी श्वास घेतात. बिनझाकणाच्या दुसऱ्या, त्या हवा घ्यायला वर येतात. मग खिडकीतून एका टॉवरकडे बोट करून म्हणाली, तिची झाकणवाली इथल्या डबक्यात होती. तिथे आता पार्किंग आहे. एवढ्या वणवणीनंतर ती आता एकाच जागी सापडते, टिटवाळ्याच्या तळ्यात. तेही गेलं तर प्रबंधाऐवजी मृत्युलेखच लिहायचा.

कल्याणची मिसळ बरी होती. तर्री मागावी लागते आणि पाव कालचे असतात.

तळं देवळाच्या रस्त्यापासून आत आहे, गाडी लांब लावून चालावं लागतं. जुनी चप्पल घाला. मी नवी घातलेली. सगळीकडे शेवाळ आणि सडकी पानं. गार्गी गुडघाभर पाण्यात उतरली, एक पान उलटं केलं आणि मोहरीएवढा ठिपका दाखवून अशी हसली, जशी मी तिच्या बारशाला हसले होते. भिंगातून पाहिलं. अगं बाई! इवलंसं झाकण बाजूला सारून ती चक्क चालायला लागली. कबूल करते, मला आवडली.

काठावर गावातल्या सुमनताई धुणं धूत होत्या. त्या म्हणाल्या, काय गोळा करायचं ते करून घ्या, गुरुवारी मशीन येणार, गाळ काढून चारी बाजूंनी फरशी बसवणार. कुणी ठरवलं, गार्गीने विचारलं.

"ठान्याच्या कोना बायनं अर्ज केलाय. देवाला आलेली, तिला वास आला."

गेल्या अंगारकीला देवाला कोण आलेलं, तळं न बघताच रस्त्यावरून नाकाला पदर कुणी लावलेला आणि घरी जाऊन 'अत्यंत गलिच्छ तलाव' असा दोन पानी अर्ज कुणी खरडला, हे मला चांगलं ठाऊक होतं. दहा वर्षं मी अर्ज करतेय. फुटपाथ, गटार, भटकी कुत्री. एकाचंही कधी उत्तर नाही. नेमका हाच कुणीतरी वाचला!

परतीच्या वाटेवर गार्गी त्या बाईचा उद्धार करत होती. कल्याणपर्यंत ऐकून घेतलं, मग सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नौपाड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, रडूही आलं.

सोमवारी कलेक्टर ऑफिस उघडायच्या आधी मी दारात हजर. नवा अर्ज: सदर तलाव आहे तसाच राहू द्यावा, ही नम्र विनंती. क्लार्कने दोन्ही अर्जांवरच्या सह्या ताडून पाहिल्या.

"मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "त्यात जीव आहेत."

त्या खिडकीवर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. पोच मिळाली. काम थांबणार का, ते साहेब रजेवरून आल्यावर कळेल, आणि साहेब शुक्रवारी येणार.

म्हणून बुधवारी गार्गी एकटीच जाऊन पानांसकट गोगलगायी बरण्यांत भरून घेऊन आली. त्यातली एक बरणी तिने माझ्या ओट्यावर आणून ठेवली. काच हिरवी झालीये, वास येतो, आलेला प्रत्येक पाहुणा बरणीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. गार्गी तीन दिवसांनी माझ्याशी बोलली ते एवढंच: "आत्या, ही धुवायची नाही."

मी धूत नाही.