मास्तरांचे डोळे

कोल्हापुरात त्या काळी अवयवदान म्हणजे डोळेच. बाकीच्या अवयवांच्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी एका रुग्णालयाच्या नेत्रपेढीत समन्वयक होते. शब्द मोठा, काम साधं. फोन घ्यायचा, मृताच्या घरच्यांशी बोलायचं, सही घ्यायची, डॉक्टरांबरोबर जायचं आणि सगळं आटोपल्यावर प्रमाणपत्र पाठवायचं.

एका सकाळी गारगोटीजवळच्या गावातून फोन आला. बाईंचा आवाज होता.

"आमचं मास्तर गेलं, फाटंचं. तुमचा फारम भरलाय त्यांनी. पंखा बंद केलाय, डोळ्यांवर वला कापूस ठिवलाय. सा तासांच्या आत यायला पायजे न्हवं?"

जे सांगायला मला एरवी दहा मिनिटं लागत, ते त्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बौद्धवाड्यातले पहिले शिक्षक. त्यांचे धाकटे भाऊ दारातच आडवे उभे राहिले. डॉक्टरांना म्हणाले, "पावणं, आलासा ते बरं झालं. पन माझा भाऊ धड मानूस म्हणून जाळायचाय मला. आंधळा करून न्हाय."

आतून मास्तरांच्या बायको आल्या. पांढरं लुगडं, डोळे कोरडे. "भावजी, सही त्यांची हाय. तुमची न्हाय, माझीबी न्हाय. सोडा वाट."

दीर बाजूला झाले, पण आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

अशा वेळी मी घरच्यांना बाहेर थांबायला सांगत असे. काकूंनाही सांगितलं. "मी हितंच बसतो," म्हणाल्या आणि मास्तरांचा हात हातात घेऊन खाली बसल्या. डॉक्टरांनी अर्ध्या तासात काम उरकलं, तपासणीसाठी रक्त घेतलं, पापण्या नीट मिटवल्या. काकूंनी मान वळवली नाही. सगळं झाल्यावर मला एकच विचारलं, "कुणाला बसतील?"

"दोघांना दिसायला लागेल, काकू," मी म्हणाले. रक्ताची तपासणी व्हायच्या आधी असं बोलू नये. पण तेव्हा मी सगळ्यांनाच तसं सांगायचे. शोकात बुडालेल्या माणसाला तेवढाच आधार, असं मला वाटे.

दोन दिवसांनी अहवाल आला. मास्तरांच्या रक्तात काविळीचे विषाणू होते. वर्षानुवर्षं असावेत, त्यांना पत्ताही नसावा. डोळे कुणालाच बसवता येणार नव्हते.

"प्रमाणपत्र टाक पाठवून," माझा सहकारी म्हणाला. "कुठं चौकशी करायला येणारेत ते?" त्यावर छापलेलंच असायचं : आपल्या दानामुळे दोन अंध व्यक्तींना दृष्टी लाभली. मी पाकिटावर पत्ता लिहिला. तिकीट लावायला हात होईना. शिवाय तो आजार घरात आणखी कुणाला असू शकत होता. न सांगून भागणार नव्हतं. पाकीट पिशवीत टाकून मी गारगोटीची एसटी धरली.

त्याच दुपारी शाळेत मास्तरांची शोकसभा होती. प्रमाणपत्र तोवर आलं तर तिथं वाचायचं ठरलेलं. काकूंनी चहा ठेवला. मी म्हणाले, जरा तुमच्या एकटीशी बोलायचंय. त्यांनी दिरांनाही बसवून घेतलं. "घरातलंच हायत. बोला."

मी सांगितलं.

"म्हंजे कुणालाच बसलं न्हाईत?"

"नाही, काकू."

"मग हायत कुठं?"

या प्रश्नाची धास्ती मला सगळ्या वाटेत होती. "असे डोळे ठेवता येत नाहीत. जाळावे लागतात. जाळले."

दीर ताडकन उठले. "म्हणूनच मी म्हणत हुतो! उगंच भावाची इटंबना केली!"

काकूंनी त्यांना हातानंच थांबवलं. "जाळलं न्हवं? कुठं टाकून दिलं न्हाईत की?"

"नाही. मी स्वतः उभी होते."

ते खरं होतं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "त्यांचा देह बी जाळलाच की. असू दे."

मी प्रमाणपत्र काढून पुढं ठेवलं. "यातलं एक वाक्य खोटं आहे. दुसरं छापून आणते." काकूंनी ते शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. लग्नानंतर मास्तरांनीच त्यांना वाचायला शिकवलं होतं.

"दुसरं कशाला? भावजी, पेन द्या तुमचं."

दिरांनी खिशातलं पेन दिलं. काकूंनी ती ओळ सावकाश खोडली. कागदावर एवढंच उरलं, की मास्तरांनी नेत्रदान केलं. "ह्ये खरं हाय," त्या म्हणाल्या. "एवढंच वाचा म्हणावं."

सभेत मुख्याध्यापक वाचता वाचता त्या ओळीशी अडखळले. काकूंनी नकारार्थी मान हलवली. ते पुढं गेले. मी शेवटच्या बाकावर बसले होते. मला वर बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकू आणि त्यांची मुलगी रक्त तपासायला कोल्हापूरला आल्या. सोबतीला दीर. डॉक्टर त्यांनाही म्हणाले, "तुम्हीही द्या. हा आजार कधीकधी आईकडूनच मुलांना येतो." ते कुरकुरत टेबलापाशी गेले.

काकूंचं आणि मुलीचं रक्त स्वच्छ निघालं. दिरांच्या रक्तात तेच विषाणू होते.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी त्यांना सांगितलं. आता आवाज चढणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. पण ते नुसते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"म्हंजे दादाचंच ह्ये," ते म्हणाले. "एका आईचं."

डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद करायला सांगितली आणि दर सहा महिन्यांनी यायला.

ते येत राहिले, कितीतरी वर्षं. एकटेच एसटीनं यायचे, रक्त द्यायचे. माझ्या टेबलाशी कधी बसले नाहीत. जाताना दारातूनच म्हणायचे, "येतो, बाई."