मालकांना हवा असलेला काटा

खरं वजन दाखवणारा काटा या पृथ्वीवर अजून तयार झालेला नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि भोसरीत मी त्याच्याच खोलीत भाड्यानं राहतो. आमच्या घरमालकांचा माणसांवर विश्वास आहे. सख्ख्या भावानं बांध सरकवला तरी तो टिकून राहिला. देवावर तर आहेच. काट्यावर मात्र बिलकुल नाही. किराणा दुकानात साखर घेताना ते साखरेकडे बघत नाहीत, दुकानदाराच्या अंगठ्याकडे बघतात. मंडईत ते लांबून दिसले की भाजीवाल्या मावश्या आपापली पारडी पदरानं पुसून ठेवतात. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना वजनाच्या यंत्रावर उभं राहायला सांगितलं, तर हे म्हणाले, "आदी तुमी हुबं ऱ्हावा डॉक्टर. तुमचं वजन तुमाला ठावं आसंल. जुळलं तर मी चढतो." डॉक्टर बिचारे चढले. जुळलं नाही. त्या दिवशी मालक औषध न घेताच बरे होऊन घरी आले.

या रोगाचं मूळ चाकणच्या कांदा बाजारात आहे. जमीन होती तेव्हा मालक कांदा घेऊन तिथं जायचे, आणि घरून मोजून नेलेला माल बाजारात नेहमी कमी भरायचा. "आडत्या म्हनायचा, वाटंत वाळला. येवढ्याशा वाटंत वाळाया त्यो कांदा हाय का कापूर?" असं ते अजून विचारतात, आणि विचारताना समोर मी नसून तो आडत्याच उभा असल्यासारखे लाल होतात. पुढे जमीन कारखान्यांत गेली आणि तिच्या बदल्यात खोल्या उभ्या राहिल्या. मालकांना पिकवायला काही उरलं नाही, मोजायला फक्त भाडेकरू उरले. आमची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. ज्याचा जिल्हा तेच त्याचं नाव. सकाळी नळावर ते ओरडतात, "ए लातूर, बादली उचल. बीड, आंगुळीला किती येळ रं तुला?" मी परभणी.

आठवीतून शाळा सोडून मी इकडे आलो तेव्हा मला धड रस्ता ओलांडता येत नव्हता. मालकांनी मला हाताला धरून वजनकाटे विकायच्या आणि दुरुस्त करायच्या दुकानात नेऊन उभं केलं. "ह्याला ठिवून घ्या. चोर न्हाई, निस्ता भितो," एवढीच माझी शिफारस. कावीळ झाली तेव्हा त्यांनीच मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि मालकीणबाईंनी महिनाभर बिनतेलाचं जेवण रांधलं. खोली त्यांची, नोकरी त्यांच्या शब्दावर, आणि जीव राहिला तोही त्यांच्यामुळेच. तेव्हा त्यांच्यापुढे 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात तयारच होत नाही. परगावात पोट भरणाऱ्याचं हे असंच असतं. उपकार आणि धाक एकाच ताटात वाढलेले असतात, आणि निवडून खायची सोय नसते.

मालकांना शौक एकच, बंदूक. शिकारीची नव्हे. शहराबाहेर नेमबाजांचा एक क्लब आहे, तिथं यंत्रातून मातीच्या बश्या हवेत उडवतात आणि बंदुकीनं त्या फोडायच्या असतात. मालकीणबाईंना हा खेळ कधी पटला नाही. "घरात एक बशी फुटली तर दिवसभर बोलत्यात, आन तिकडं जीप घिऊन फोडाया जात्यात." पण दर रविवारी मालक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि परत आले की दोन दिवस उंच दिसायचे. कारण तिथं त्यांना सर म्हणत. निवृत्त फौजी अधिकारी त्यांना विचारायचे, वारा कुठला आहे? घरात कुणी त्यांना वेळसुद्धा विचारत नसे. खोल्यांचा सगळा कारभार मुलाच्या हातात गेला होता आणि मालकांकडे नळाची चावी तेवढी होती.

त्या क्लबाला वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचा परवाना होता, आणि मालक आपली काडतुसं तिथंच बसून आपल्या हातानं भरत. बारूद मोजून घालायची, तीही रवाळ दाण्यादाण्यानं. "कमी पडली तर बशी हासत निगून जाती. जादा पडली तर बंदूक आपल्यालाच हासती," असं ते सांगायचे. अशा माणसाच्या हातात असं काम आल्यावर काय होणार? त्यांनी क्लबाचा काटा नापास केला आणि स्वतःचा शोधायला निघाले. बरोबर अर्थात मी.

आम्ही काय काय पाहिलं म्हणून सांगू. दांडीचे काटे पाहिले, खिशात मावणारे पाहिले, होमिओपॅथीवाल्याचा पाहिला. काट्यावर आधी फुंकर घालायची. फुंकर कळली नाही तर तो आंधळा. मग शर्टाच्या खिशातून मखमली डबी काढायची, तिच्यातली पितळी वजनं चिमट्यानं ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. पिंपळे गुरवच्या एका सराफाकडे भर लग्नसराईत त्यांनी सगळे पंखे बंद करायला लावले. अख्खं वऱ्हाड घामानं निथळत होतं आणि मालक नथीच्या काट्यावर राजगिरा मोजत होते. दुकानात बारूद न्यायची नाही हा त्यांचाच नियम, म्हणून राजगिरा. सराफ शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, काटाच घेऊन जा, पण पंखा लावू द्या." मालक म्हणाले, "फुकट दितोस म्हंजी खोटा आसनार."

हे सगळं मी हसत सांगतोय, पण गेल्या दोन वर्षांत त्यात एक वेगळीच घाई आली होती. मालकांच्या बश्या न फुटता वाचायला लागल्या होत्या. आधी एखादी, मग बऱ्याच. दर रविवारी ते जरा लहान होऊन परत यायचे आणि सोमवारी माझ्या दुकानात हजर. "परभणी, काटा खोटं बोलतोय." मी प्रमाणित वजनं लावून दाखवायचो. "मालक, काटा बरोबर आहे." "मग बशी का वाचती?"

याचं उत्तर त्यांच्या मुलाकडे होतं. एकदा तो जिन्यात मला अडवून म्हणाला, "परभणी, पप्पांना सांग ना यार, वय झालं म्हणून. लायसन रिन्यूला आलंय. बंदूक जमा केली की विषय संपला. त्या बंदुकीच्या कपाटानं अख्खी खोली अडवलीय, तीन कॉट बसतील तिथं." मी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. भाडेकरूची मान अशीच हलते.

त्याच सुमारास आमच्या दुकानात एका औषध कंपनीनं काढून टाकलेला काचेच्या पेटीतला काटा आला. पापणीचा केस ठेवला तरी आकडा बदलणारा. मालकांनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. पण राजगिऱ्याचा चमचा पेटीत नेला की आकडा थांबेना. "फॅन बंद कर." केला. "मोबाईल भाईर ठिव." ठेवला. "शेजारचा हॅमर चालू हाय, धरनी हादरती." हे खरंच होतं, शेजारच्या कारखान्यातल्या त्या घणाच्या प्रत्येक ठोक्याला आमच्या पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठतात. "गुरवारी बगू," ते म्हणाले. "गुरवारी सुट्टी, समदी एमआयडीसी गप आसती."

गुरुवारी दुपारी मी दुकानाच्या शेठकडून किल्ली मागून दुकान उघडलं. घण बंद, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मालकांनी काट्यावर फुंकर घातली, आकडा शहारला. "डोळस हाय," ते खूश होऊन म्हणाले. पितळी वजनं तंतोतंत जुळली. मग त्यांनी मनगट कडाप्प्याच्या टेबलावर टेकवलं आणि चमच्याचं टोक ताटलीला लावलं.

आकडा नाचायला लागला.

मालकांनी कान देऊन घणाचा आवाज शोधला. वर पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "टेबलाला टेकलायस का रं?" मी भिंतीपाशी उभा होतो. त्यांनी हात बाहेर काढला. आकडा जागच्या जागी थांबला. हात आत नेला, नाचला. बाहेर काढला, थांबला. दुकानात इतकी शांतता होती की चमच्यावर राजगिरा किणकिणतोय तेवढं ऐकू येत होतं. मालक आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, जत्रेत कुणा अनोळखी माणसानं तो त्यांच्याजवळ सांभाळायला देऊन जावं तसे.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मालक, आज जरा गारठाच आहे."

एप्रिल महिना होता. आम्हा दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते.

"व्हय," मालक म्हणाले. "गारठा हाय." त्यांनी चमचा खाली ठेवला, पेटीचं दार हलकेच लावलं. "ह्यो काटा खरा हाय, परभणी."

"घ्यायचा का मग? शेठला सांगतो मी."

"नगं. खरं येकदा कळलं म्हंजी झालं. रोज कशापायी बगायचं?"

पुढच्या रविवारी ते क्लबात गेले नाहीत. लायसनची तारीख यायच्या आतच स्वतः चौकीत जाऊन बंदूक जमा करून आले. मुलावर सांगायची वेळसुद्धा येऊ दिली नाही. क्लबातून एक फोन आला. तब्येतीची चौकशी असेल असं मालकीणबाईंना वाटलं, पण त्यांना विचारायचं होतं की बंदूक विकणार का. कपाटाच्या खोलीत आता तिघं राहतात. मालक त्यांना पहिला नांदेड, दुसरा नांदेड, तिसरा नांदेड म्हणतात. मुलगा मला म्हणाला, "बघ, किती शहाणपणानं घेतलं पप्पांनी." माझी मान परत हलली.

हल्ली रविवारी मालक दुकानात येऊन बसतात. हात खिशात असतात. गिऱ्हाइकाच्या काट्याला नावं ठेवतात, पण पूर्वीसारखी धार नाही; एखाद्या चांगल्या काट्याला तर चक्क बरा म्हणतात. चार वाजता मी समोरच्या टपरीवरून चहा आणतो आणि त्यांच्या कपात अर्धाच ओततो. ते कपाकडे बघतात, मग माझ्याकडे.

"आरं परभणी, मालकाला आर्दा कप? लई कंजूस झालास."

"साखर महाग झालीय, मालक."

ते दोन्ही हातांनी कप उचलतात आणि एक थेंबही न सांडता सावकाश पितात. कप खाली ठेवला की मी उरलेला अर्धा ओततो.